कॅसेटमधल्या समूहगीताची खरी पट्टी आणि लय कोणती धरावी?

बालाघाट:
मंडळी, जरा मदत पाहिजे. आमचं गाव अंबाजोगाईजवळ. १९९८ ला मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ५० वर्षं झाली तेव्हा गावच्या भजनी मंडळानं प्रभातफेरीतली जुनी गाणी मारुतीच्या देवळात बसून टेप केली होती. बाराजण, सगळे पुरुष, एक पेटी, पखवाज आणि टाळ. माझे वडील त्यात होते, आता नाहीत. बारापैकी चारजण राहिलेत. परवा शहरातल्या एका दुकानातून कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. १७ सप्टेंबरला शाळेत ध्वजारोहणानंतर पोरांकडून त्यातलं तिसरं गाणं म्हणून घ्यायचं ठरलंय, बायको तिथंच शिक्षिका आहे.

अडचण अशी की पेटीवर पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, सापडेना. काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) धरली तर गाणं वर राहतं, तिच्या लगतची पांढरी दोन धरली तर खाली. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये सा साधारण १४२ हर्ट्झला दाखवतो. मेट्रोनोम लावून मोजलं तर ठेका मिनिटाला १०४ मात्रांचा. ऐकायला लै जोशात वाटतं, पोरं तर नाचायलीत त्यावर. पण आई म्हणायली की हा ह्यांचा आवाजच न्हाई. गाण्याआधी वडील "हं, सोडा" असं म्हणतात, ते दोन शब्द तिनं चार वेळा ऐकले आणि मान हलवली. तेव्हापासून मला झोप नाही. खरी पट्टी आणि लय कशी काढायची?

नांदेडी:
सोप्पंय दादा. मोबाइलमध्ये पिच बदलायचं ॲप असतंय, जरासं खाली करा, काळी एक येईल, विषय संपला.

बालाघाट:
@नांदेडी काळी एकला आणता येईल, पण मुळात ती काळी एकच होती हे कशावरून? पांढरी दोन असेल आणि टेप हळू चालला असेल तर? मला सोयीची नको, खरी पाहिजे.

पेटीमास्तर:
प्रश्न चांगला काढलात. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टेपवर लय आणि पट्टी एकाच दोरीला बांधलेल्या असतात. टेप जोरात पळाला की दोन्ही वर जातात, मंदावला की दोन्ही खाली येतात. १०० ला १०६ वेग झाला की साधारण एक अर्धस्वर, म्हणजे पेटीवरची लगतची एक पट्टी, चढतो. आपल्या ॲपमधे पट्टी खाली करून लय तीच ठेवता येते, म्हणून लोकांना वाटतं दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही नुसती पट्टी उतरवली तर १०४ ची लय तशीच राहील आणि ती पण चुकीचीच असेल. दोन्ही एकदम, एकाच मापानं दुरुस्त करायला लागतील. माप किती ते शोधा.

वायरमन:
माझा अंदाज सांगतो. ९८ साली आपल्याकडं लोडशेडिंग. देवळात रेकॉर्डिंग केलं म्हणजे टेपरेकॉर्डर बहुतेक सेलवर असणार. सेल उतरले की रेकॉर्ड करताना मोटर हळू फिरते, आणि मग तीच कॅसेट चांगल्या मशीनवर लावली की आवाज चिमण्यावाणी ऐकू येतात. आमच्या लग्नाची कॅसेट अशीच झालीय, शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत भटजी पार लहान पोरगा झालाय. तुम्ही पहिल्या गाण्याचा सा आणि शेवटच्या गाण्याचा सा मोजा. सेल उतरत गेले असतील तर शेवटचा वर असेल.

बालाघाट:
@वायरमन मोजला. पहिलं १४२, शेवटचं पण १४२च्या आसपासच. मधे कुठं सरकत नाही.

वायरमन:
मग सेल नाहीत. वायर लावलेली होती. एक काम करा, गाणी नसतील तिथं हेडफोन लावून ऐका, मागं घूंऽऽ असा आवाज आहे का?

दिंडीवाला:
मधेच बोलतो, माफी असावी. एवढं मोजमाप कशाला? आपल्या संगीतात सा कुठंही धरावा. स्वरांची नाती महत्त्वाची, पट्टी नाही. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा कुठल्या दिंडीत पट्टी मोजून भजन म्हणतात? विणेकरी सूर लावतो, त्यात सगळे मिसळतात. सकाळी गळा जड असतो तेव्हा खाली, दुपारी आपोआप वर. भाव काय बदलतो त्यानं?

पेटीमास्तर:
@दिंडीवाला महाराज, सा कुठंही धरावा हे एकशे एक टक्के खरं. पण एकदा धरल्यावर गळ्याला पट्टी कळते. बालाघाट, तुमचं गाणं वर कुठपर्यंत जातं?

बालाघाट:
अंतऱ्यात एकदा तार गांधार (वरच्या सप्तकातला ग) लागतो, सगळे एकदम. खाली धृपदात एकदा मंद्र पंचमाला (खालच्या सप्तकातल्या प ला) टेकतं.

पेटीमास्तर:
झालं तर. सा १४२ चा धरला तर तार गांधार ३५५-३६० हर्ट्झच्या घरात जातो, म्हणजे पांढरी चारच्याही वर. बाराजण शेतकरी माणसं, ओढून ताणून, सगळे एका सुरात तिथं पोचतात आणि कुणाचाच आवाज फाटत नाही? दोघंतिघं जातील, बाराजण नाही जाणार. पट्टी खालची असणार हे मी पैजेवर सांगतो. आणि दिंडीवाला महाराज, भाव बदलतो तो ह्याच ठिकाणी. पांढरी एक मधे तो गांधार भरल्या छातीनं लागतो. एक स्वर वर गेलात की तोच गांधार ओरडल्यासारखा होतो. स्वरांची नाती तीच, पण गाणारा माणूस कुठल्या ताणावर उभा आहे ते ऐकणाऱ्याला कळतंच.

दिंडीवाला:
हे पटलं. आमच्यात चोपदार हात वर करून थांबवतो आणि मग नव्यानं सूर देतात, ते ह्याच्याचसाठी असणार. सूर चढत चढत गेलेला असतो.

मांजरथडी:
बालाघाट, उगं गुंतू नका, एक साधी गोष्ट बघा. कॅसेट किती मिनिटांची होती? पाकिटावर ६० किंवा ९० लिहिलेलं असेल. ६० ची असेल तर एका बाजूला तीस मिनिटं, आणि कंपन्या थोडी फीत जास्तच घालायच्या. दुकानवाल्यानं पूर्ण बाजू उतरवली असेल तर फाईल तीस मिनिटांची पाहिजे.

बालाघाट:
६० ची आहे. आणि फाईल... २७ मिनिटं ५० सेकंद! सुरुवातीची खरखर आणि शेवटी टेप संपल्याचा खट्ट आवाज पण आहे त्यात, म्हणजे पूर्ण बाजू आहे.

मांजरथडी:
बघा! सापडलं म्हणायचं. अडीच मिनिटं कुठं गेली?

पुण्यातला_लातूरकर:
हा आकडा ओळखीचा आहे. मी रेकॉर्डिंगच्याच कामात आहे म्हणून सांगतो. कॉम्प्युटरवर आवाज उतरवताना एका सेकंदाचे किती तुकडे करायचे ते ठरलेलं असतं. सीडीसाठी ४४,१००, व्हिडिओसाठी ४८,०००. कुणी ४४,१०० नं उतरवलं आणि पुढच्या मशीननं ते ४८,००० समजून वाजवलं तर सगळं ८.८ टक्के जोरात पळतं. पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढते. तुमचे २७ मिनिटं ५० सेकंद गुणिले १.०८८ केले की ३० मिनिटं १७-१८ सेकंद येतात. ६० ची कॅसेट बरोब्बर बसते. आणि सा १४२ भागिले १.०८८ म्हणजे १३०.५, पांढरी एक म्हणजे १३०.८. काका, तुमची पट्टी पांढरी एक. दुकानात सेटिंग चुकलंय, कॅसेटचा काही दोष नाही.

बालाघाट:
अंगावर काटा आला. दोन पट्ट्यांच्या मधे का अडकत होतं ते आत्ता कळलं. म्हणजे मी काळी एक करायला निघालो होतो ते पण चुकीचंच झालं असतं.

वायरमन:
माझ्या घूं आवाजाचं काय झालं? ते पण बघा की. मेनचा करंट ५० हर्ट्झचा असतो, तो रेकॉर्डिंगमधे शिरला की खाली एक बारीक रेघ दिसते. तुमच्याकडं ती कुठं आहे?

बालाघाट:
@वायरमन लातूरकरांनी सांगितलेलं ॲप टाकून बघितलं. शांत जागी ५४ च्या जरा वर एक रेघ, आणि १०९ च्या जवळ दुसरी.

वायरमन:
५४.४ असणार. ५० ला १.०८८ नं गुणा. लातूरकर बरोबर आहेत.

जालनाकर_सोप्रानो:
किती छान चाललाय धागा. ९८ ला आपल्याकडच्या लाइनची फ्रिक्वेन्सी काही ५० वर स्थिर नसायची ना पण? मग घूं वर किती भरवसा ठेवायचा?

वायरमन:
ताई, खरं आहे, तेव्हा वरखाली लै व्हायची. एक-दोनचा फरक मी सोडून दिला असता. पण ५४ पर्यंत कधी जात नव्हती. आणि एक ध्यानात घ्या, ही घूं देवळातली आहे का दुकानातल्या मशीनची, ते आपल्याला कळत नाही. दुकानातली असेल तर ती टेपच्या वेगाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त कॉम्प्युटरची चूक सांगते. टेपचा वेग वेगळा तपासावा लागेल.

जालनाकर_सोप्रानो:
हो, तेच म्हणायचं होतं. माझा अनुभव सांगते. आम्ही जालन्याला चर्चच्या क्वायरमधे चार आवाजांत गातो. नाताळला हॅण्डेलच्या 'मसाया'मधला एक कोरस बसवायचा होता, नोटेशन डी मेजरमधे, आणि शिकायला एक परदेशी रेकॉर्डिंग मिळालं. कीबोर्ड लावला तर रेकॉर्डिंग बरोबर अर्धा स्वर खाली. आम्हाला वाटलं डाऊनलोड करताना बिघडलं, मी ॲपनं वर ओढून सगळ्यांना पाठवलं सुद्धा. नंतर कळलं की जुनं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवणारे लोक मुद्दाम खालचा सूर धरतात, वाद्यं जुळवायचा ए हा सूर त्यांचा ४१५ हर्ट्झला, आपल्या कीबोर्डचा ४४० ला. हॅण्डेलचा स्वतःचा ट्यूनिंग फोर्क (सूर जुळवायचा चिमटा) ४२२.५ चा होता. म्हणजे ते बिघडलेलं नव्हतंच, मीच बिघडवलं. वर ओढलेल्या फाईलवर आमच्या मुली तीन आठवडे शिकल्या आणि त्यांच्या आवाजात एक किरटेपणा आला तो जाता जाईना. लय मी बदलली नव्हती, फक्त पट्टी, तरी गाण्यातली भव्यता गेली होती. त्यामुळे बालाघाट दादा, आकडे जुळले तरी एक खात्री अजून करा. तेव्हाची पेटी कुठं आहे?

पेटीमास्तर:
वा ताई! हेच लिहायला आलो होतो. पेटीचे सूर पितळी पात्यांचे, गळ्यासारखे चढत-उतरत नाहीत. वर्षानुवर्षं पडून राहिली तरी थोडीफारच हलते. तीच पेटी सापडली तर तिच्याएवढा साक्षीदार नाही. जुन्या पेट्या बऱ्याच वेळा ४४० ला नसतात, जरा वर असतात, त्यामुळं ट्यूनरपेक्षा पेटीच महत्त्वाची.

बालाघाट:
पेटी देवळातच आहे! भाता फाटलाय, पण बघतो. चौघांपैकी एक काका रोज देवळात असतात, त्यांना पण विचारतो. उद्या लिहितो.

नांदेडी:
मी पहिल्यांदा उगंच घाईनं लिहिलं. वाचायलोय, थांबू नका.

परभणीच्या_बाई:
तोपर्यंत पोरांचं बोलू या का? मी ३१ वर्षं शाळेत संगीत शिकवलं. प्रश्न रेकॉर्डिंगच्या पट्टीचा आहे तसा मुलांच्या गळ्याचा पण आहे. मुलं पुरुषांच्या एक सप्तक वर गातात. सा पांढरी एक धरला तर मंद्र पंचम त्यांना फार खाली पडतो, तिथं आवाज विरून जातो. वर नेला तर तार गांधाराला किंचाळतात. पाचवी-सहावीच्या मुली असतील तर पांढरी दोन चालेल. आठवी-नववीच्या मुलांचे आवाज फुटत असतात, त्यांना जबरदस्ती करू नका, त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्या आणि त्यांना लाजवू नका. मी अशी दोन-तीन चांगली गाणारी मुलं गमावली आहेत, कुणीतरी हसलं म्हणून परत कधी तोंडच उघडलं नाही त्यांनी.

मांजरथडी:
बाई, हे वाचून माझी नववी आठवली.

परभणीच्या_बाई:
@मांजरथडी अजून वेळ गेली नाही हो. भजनाला जाऊन बसा.

आणि लयीचं. मैदानावर ४०० मुलं उभी असतील तर मागच्या रांगा नेहमी रेंगाळतात आणि आपण त्यांच्यावर ओरडतो. त्यांची चूक नसते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ६० मीटर मागं उभ्या मुलाला पुढचा आवाज १८ शतांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकून गातो, त्याचा आवाज परत पुढं यायला तेवढाच वेळ. म्हणूनच राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, पण कितीतरी शाळांत एक मिनिटाच्या वर जातं. लय जितकी जलद तितका हा गोंधळ जास्त. १०४ च्या लयीला तुमचं गाणं मैदानावर फाटलं असतं. मुलांना ऐकून नाही, हाताकडं बघून गायला शिकवा. ढोलकीवाला मधोमध उभा करा, आणि रांगा लांब लावण्यापेक्षा अर्धगोल करा.

पुण्यातला_लातूरकर:
बाई, भोंगे दोन बाजूला लांब लावले असतील तर आणखी वाईट. एकच लावा, मुलांच्या मागं नको, पुढं.

बालाघाट:
मंडळी, उशीर झाला, कारण पेटीचा भाता चिकटवायला दोन दिवस गेले.

काकांना फाईल आहे तशीच आधी ऐकवली. वय ८० च्या पुढं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आम्ही पळत होतो का रं?" मी म्हणलं काका म्हणजे? ते म्हणले, फेरीचं गाणं हाय हे, पहाटं निघायचं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन, पायाच्या ठेक्यावर म्हणायचं. एक पाऊल एक मात्रा. त्यांच्या वडलांनी निजामाच्या काळात हे गाणं चोरून म्हटलेलं, रझाकारांचं भ्या होतं, मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून धृपद खालच्या सुरात ठेवलंय. पंचमाला का टेकतं ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. देवळात रेकॉर्डिंगला बसले तेव्हा पण एकजण पायानं फरशीवर ठेका धरून होता असं म्हणाले.

मग लातूरकरांच्या सांगण्याप्रमाणं फाईल दुरुस्त केली, लय आणि पट्टी एकदम. ठेका साडेपंचाण्णवला आला, गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं होतं ते साडेचार मिनिटांचं झालं. काकांनी पेटीवर पांढरी एक दाबली आणि मी गाणं सुरू केलं. केसभर फरक आहे, पेटी थोडी वर, पण एवढाच की दोन्ही एकत्र वाजताना आवाज हळू लहरतो. काका मांडीवर हात मारत गायला लागले. त्यांचा आवाज आता फार खाली गेलाय, तरी मंद्र पंचमाला बरोबर टेकले.

त्या लयीत जोश कमी झाला असं वाटेल म्हणून मला भीती होती. तसं नाहीये. आधी शब्द नुसते पळत होते. आता प्रत्येक ओळीच्या शेवटी बाराजणांनी एकदम श्वास घेतलेला ऐकू येतो, आणि मग पुढची ओळ उचलतात. त्या श्वासात जे आहे ते मला आधीच्या फाईलमधे कधी ऐकूच आलं नव्हतं. टाळांची किणकिण पण पितळेची वाटते, आधी काचेसारखी होती.

आईला सांगितलं काही नाही, नुसतं लावलं. "हं, सोडा" आलं आणि तिनं भाजी निवडायची थांबवली. नंतर बोलली, पाणी पाजा म्हणावं त्यांना, घसा बसलाय.

पेटीमास्तर:
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

जालनाकर_सोप्रानो:
दादा, आईला माझा नमस्कार सांगा. आणि ती लहरणारी जुळणी तशीच राहू द्या, पेटीला ट्यून करू नका.

दिंडीवाला:
मी भाव बदलत नाही म्हणलो होतो. शब्द मागं घेतो. पायाच्या ठेक्याचं तर आम्हालाच आधी कळायला पाहिजे होतं, आयुष्य चालण्यात गेलं.

वायरमन:
दुकानवाल्याकडं परत जा, भांडू नका, पण सांगा. त्यानं आणखी किती लोकांच्या कॅसेटी अशाच उतरवून दिल्या असतील. कुणाची आजी असेल, कुणाचं कीर्तन असेल.

बालाघाट:
@वायरमन जाऊन आलो. चांगला माणूस आहे, सेटिंग बघून स्वतःच हादरला. मागच्या वर्षभराच्या गिऱ्हाइकांना फोन करतो म्हणाला, वहीत नंबर आहेत. आमच्या कॅसेटची दुसरी बाजू त्यानं फुकट उतरवून दिली, ती ३० मिनिटं २० सेकंदांची भरली.

परभणीच्या_बाई:
आणि मुलांची पट्टी? १७ तारीख जवळ आली.

बालाघाट:
बाई, काल पहिली तालीम झाली. तुम्ही म्हणल्या तशी पांढरी दोन धरून बघितली. सहावीच्या पोरींनी खालचा भाग लै गोड म्हटला, पण तार गांधाराला सगळ्या ओरडायला लागल्या, एकीनं तर कानच झाकून घेतले. मग पांढरी एकला आणलं. वर सुटं लागलं, खाली पंचम गायब झाला. तेव्हा नववीतली सात पोरं मागं टाळ घेऊन उभी होती, गायला तयारच नव्हती. त्यांना म्हणलं फक्त ती एक ओळ तुमची, खालच्या आवाजात, मोठ्यानं म्हणायची नाही, चोरून म्हणायची. काकांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. आणि ती ओळ पोरांनी अशी म्हटली की ऑफिसमधून हेडसर बाहेर आले.

लय ९६ ठेवलीय. पोरांना आधीची फाईल पाठ झालेली, त्यामुळं पळतात. म्हणून तालीम बसून घेणंच बंद केलं, मैदानाला गोल फेऱ्या मारत म्हणायला लावतो. दोन फेऱ्यांत लय जागेवर येते.

परभणीच्या_बाई:
पांढरी एकच ठेवा मग. ती ओळ मोठ्या मुलांचीच राहू द्या, मुलींना तिथं श्वास घ्यायला मिळेल.

मांजरथडी:
१७ तारखेला किती वाजता आहे? लातूरहून निघतो पहाटे, टाळ माझे घेऊन येतो.

बालाघाट:
सातला मारुतीच्या देवळापासून फेरी निघणार आहे. चौघंही काका पुढं असतील, एकाला गाडीवर बसवून न्यावं लागेल. टाळ आणाच.